पस्तीसच्या खालची भुतं

यशोधरा गमरे बाईंनी आजपर्यंत किती भुतं नापास केली असतील त्याचा हिशोब नाही. हडळी, चेटकिणी, रक्त पिणारे सरंजामदार, डोंगराएवढे ड्रॅगन, सगळ्यांना त्यांनी लाल पेनाने आडवं केलंय. आणि हे सगळं माझ्या दुकानात, माझ्या पुस्तकांवर, माझ्या डोळ्यांदेखत! म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा.

मी कमळाकर. मूळ चामटोलीचा, आगरी माणूस. खरवईकडची आमची जमीन बिल्डरला गेली, तिथं टॉवर उभा राहिला आणि त्या टॉवरखाली मला एक गाळा मिळाला. भाऊबंदांना पण मिळाले. कुणी मोबाईलचं दुकान टाकलं, कुणी चायनीज, कुणी बोर्ड लावून इस्टेट एजंट झाला. मी वाचनालय टाकलं. सगळे बोलले, कमळ्या येडा झालाय. माझी बायको जनी तेवढी बोलली, "टाक गो बाय, टाक. घरातला पसारा तरी कमी होईल." मला ती गो बाय म्हणायची, कारण मी दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसायचो आणि तिच्या मते हे काय पुरुषाचं काम नव्हतं.

माझ्याकडे प्रेमकथा आहेत, पाककृती आहेत, थोर लोकांची चरित्रं आहेत, त्यांच्यावरची धूळ पण तेवढीच थोर आहे. पण खरा माल म्हणजे भुताखेताच्या आणि जादूच्या कादंबऱ्या. त्या मला आवडतात. मला गणित कधी आवडलं नाही. दहावीला मी गणितात तीनदा उडालो आणि चौथ्यांदा बसायच्या आधी बापाने शेतावर नेला. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा राडा ह्यानेच झाला.

गमरे बाई अंबरनाथच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. उभा जन्म दहावीचे पेपर तपासण्यात गेला. रिटायर झाल्या, मिस्टर गेले, मग आमच्या टॉवरमध्ये राहायला आल्या. पहिल्या दिवशी एक जाडजूड कादंबरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आणली, तर शेवटच्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली. वर लाल अक्षरात: शंभरपैकी एकोणीस. खाली शेरा: "नायक सातशे वर्षे जिवंत आहे व कॉलेजातील मुलीच्या प्रेमात पडतो. सातशे वर्षांत अक्कल का आली नाही? कारण द्या."

मी बोललो, "बाई, हे काय?"

"निकाल," त्या बोलल्या. "पुढचं पुस्तक द्या."

तेव्हापासून हे चालूच. गणिताच्या पेपरात पायऱ्यांना मार्क असतात ना, तसे त्या भुताला पायरीचे मार्क देतात. भूत का झालं, ते कुठून येतं, रोजच येतं तर दिवसा काय करतं. एक पायरी गाळली की मार्क कापले. ड्रॅगनच्या पुस्तकावर त्यांनी लिहिलं, "एवढे जनावर रोज काय खाते? कुठून आणते? शेजारी तक्रार करत नाहीत का?" काळा झगा घातलेल्या सरंजामदारावर लिहिलं, "उकाड्यात घाम येत नाही हे पटवून द्या." आणि जगाला वाचवणारा एक निवडलेला मुलगा असतो, तसल्या सगळ्या पुस्तकांवर एकच शेरा: "निवड कोणी केली? निकष काय? दरवेळी राजघराण्यातलाच कसा सापडतो? इतरांचे अर्ज मागवले होते का?"

लोकांना ह्या चिठ्ठ्यांचा नाद लागला. माणसं यायची, कपाटासमोर उभी राहायची, पुस्तकाचं शेवटचं पान उघडून चिठ्ठी वाचून खी खी हसायची आणि पुस्तक परत ठेवून चालती व्हायची. अरे, मेंबर व्हा की, भंकस करायला येता काय! मी ओरडायचो. बाई शांतपणे बोलायच्या, "कमळाकरभाऊ, पुस्तकं चांगली आणा, मग नेतील." मी मेहनतीने निवडून आणलेली पुस्तकं आणि ही बाई मला शिकवणार!

भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. बौद्ध घरातल्या, बावीस प्रतिज्ञा पाठ. त्यांच्या विहारातले रामभाऊ एकदा माझ्या दुकानात शिरले, बाईंच्या हातातलं कव्हर बघितलं, त्याच्यावर केस सोडलेली बाई आणि लाल चंद्र. रामभाऊंचा चेहराच पडला. "बाई, आपण हे सगळं सोडलं ना? आणि तुम्ही हडळी वाचताय?"

"रामभाऊ, मी वाचत नाही, तपासते," बाई बोलल्या. "पोलीस चोर पकडतात म्हणून चोर होतात का? आणि ज्याला भुताची भीती वाटते, त्याने वाचू नये. मला नाही वाटत." रामभाऊ जाताना स्वतःच एक पुस्तक घेऊन गेले. वर्तमानपत्रात गुंडाळून.

बाईंची आणि जनीची गट्टी होती, म्हणजे भांडणाची गट्टी. जनी दुपारची दुकानात येऊन सुकट निवडत बसायची. माझ्या निम्म्या पुस्तकांना अजून सुकटीचा वास येतो, मेंबर तक्रार करतात. बाई बोलायच्या, "जनीबाई, हे वाचनालय आहे." जनी बोलायची, "मास्तरीणबाई, तुमी भुतं निवडा, मी सुकट निवडते. कचरा दोगींच्यात सारकाच." मग दोघी हसायच्या. जनीला वाचता जेमतेम यायचं, पण बाईंनी चिठ्ठी वाचून दाखवली की ती मान डोलवायची आणि बोलायची, "अजून दोन कापा. मेला लय रडतो तो हिरो."

जनी गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती तशीच. दोन वर्षं झाली. पोरगी करिष्मा लग्न होऊन उल्हासनगरला, ती रोज फोन करते, "पप्पा जेवले का?" मी हो बोलतो. त्यातलं निम्मं खोटं असतं. दुपारी दुकानात कुणी नसतं, बाकावर जनी नसते, आणि ती वेळ काही केल्या सरत नाही. म्हणून मी लिहायला बसलो. बाकी लोक दारू पितात, मी कादंबरी लिहिली.

आता खरं सांगतो, मला नाव नको होतं, पैसा नको होता. मला फक्त पस्तीस हवे होते. गणिताच्या बाईच्या लाल पेनातून, जन्मात एकदा, पस्तीस. बास.

आणि मी काही मूर्ख नाही. बाईंच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्यासमोर होत्या. पोरं परीक्षेआधी जुने पेपर सोडवतात, तसा मी दुपारच्या दुपारी त्या चिठ्ठ्यांचा अभ्यास केला. बाई काय विचारतात, कुठं कापतात, कशाला देतात. मग लिहिलं. माझ्या कादंबरीतला सरंजामदार टॉवरच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि त्याला घाम येतो, घामोळं पण येतं, पावडर लावतो. माझा ड्रॅगन बारवी धरणाकडच्या डोंगरात असतो, तो काय खातो त्याच्यावर आख्खं एक प्रकरण आहे, कोंबडीवाला ठरलेला आहे. जगाला वाचवणारा पोरगा राजघराण्यातला नाही, रीतसर मुलाखत देऊन निवडलाय, वेटिंग लिस्ट पण आहे. तांत्रिक आहे, तो टॅक्स भरतो. एक पायरी गाळली नाही मी! बाईंना कापायला जागाच ठेवली नाही.

मधे कुठंतरी एक बाईचं भूत पण आलं. ते अभ्यासात नव्हतं, आपलं आलं. एका दुपारी हात थांबेना म्हणून दोन-तीन पानं झाली, ती तशीच ठेवली.

छापायला उल्हासनगरला गेलो, भगवान शेठच्या प्रेसमध्ये. सिंधी माणूस, लग्नपत्रिका छापतो, कादंबरी त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली. "साईं, फिकर मत करो, एकदम टकाटक देंगे," बोलला. दिली पण टकाटक. कव्हरवर सोनेरी कलश, दोन्ही बाजूंना सनई-चौघडा, मधे नाव, 'टॉवरवरचा शाप'. मी बोललो, शेठ, ही भुताची कादंबरी आहे. तो बोलला, "तो क्या हुआ साईं, अंदर सब शुभ ही होता है." लेखकाच्या जागी माझं नाव नव्हतं. मी टाकलं होतं, डॉ. भैरवनंदन. डॉक्टर अशासाठी, की भुताच्या पुस्तकात डॉक्टर असला की वजन पडतं.

नवीन पुस्तकांच्या गठ्ठ्यात ते मी मधोमध सरकवलं. बाईंनी कव्हर बघितलं. "हे काय, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण?" मी बोललो, "नवीन लेखक आहे. बाहेरगावचा. लोक लय नाव काढतात." बाई घेऊन गेल्या.

एरवी त्या दुसऱ्या दिवशी पुस्तक आणतात. ह्या वेळी आणलंच नाही. आठवडा गेला. मी गिऱ्हाईकांवर खेकसायला लागलो, चहा गोड लागेना, करिष्मा फोनवर बोलली, "पप्पा, बीपीची गोळी घेता ना?" तिला काय सांगू कळेना. ह्या वयात रिझल्टची वाट बघतोय असं कुणाला सांगणार!

मग एका सकाळी बाई आल्या. पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि नेहमीसारख्या कपाटाकडे गेल्या. मी शेवटचं पान उघडलं.

शंभरपैकी एकतीस.

खाली लिहिलं होतं, "सर्व पायऱ्या आहेत. एकही उत्तर स्वतःचे नाही. गाईड वाचून लिहिलेला पेपर. घामोळ्याचे मार्क मी देईन अशी लेखकाची खात्री दिसते. ती चूक आहे. ड्रॅगनच्या कोंबडीवाल्याचा कंटाळा आला." त्याच्याखाली एक रेघ मारून, "पान एकशे बारा ते एकशे चौदा: पैकीच्या पैकी."

ते पैकीच्या पैकी मला तेव्हा दिसलंच नाही. मला एकतीस दिसले. माझ्या डोक्यात सणक गेली.

"चार मार्क!" मी ओरडलो. "अहो बाई, चार मार्कांसाठी माणसाला उडवता? बोर्ड पण ग्रेस देतं! तुमच्यात काही दयामाया हाय का नाय?"

दुकानात दोन मेंबर होते, ते पुस्तकं ठेवून बाहेर गेले. बाई कपाटापासून हलल्या नाहीत. "ग्रेससाठी विद्यार्थ्याला स्वतः यावं लागतं," त्या बोलल्या. "कुठे आहेत डॉक्टर?"

"हे काय, तुमच्या समोर उभा आहे! मी लिहिलंय ते! मी!"

"माहीत आहे मला," बाई बोलल्या. "पान एकशे बारावर जनीबाई बसल्यात ना. दुसऱ्या कुणाला माहीत असणार त्या?"

मी खाली बसलो. त्या पानावर काय आहे ते सांगतो. भर दुपारी त्या हिरोच्या घरात एक बाई येते. पडदे हलत नाहीत, कुत्री रडत नाहीत. ती सरळ स्वयंपाकघरात जाते, डबे उघडून बघते आणि बोलते, "झाकण नीट लावत जा, मुंग्या लागल्यात." मग विचारते, पोरीचा फोन आला का. मग बोलते, तू खोटं बोलतोस तिला, जेवला नाहीस. एवढंच. मग ती बाकावर बसते आणि प्रकरण संपतं, आणि पुढच्या पानावर तो घामट सरंजामदार येतो.

"हे तीन पानांचं पुस्तक आहे," बाई बोलल्या. "बाकीचं काढून टाका. तांत्रिक काढा, ड्रॅगन काढा, तो पावडर लावणारा काढा. पुरवणी परीक्षेला बसा. पास व्हाल."

"नाही बसणार!" मी बोललो. "गेली खड्ड्यात तुमची पुरवणी. तुम्हाला काय जातंय बोलायला! तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे काय असतं ते लिहून बघा एकदा. लाल पेन घेऊन कुणी पण बसेल! तीन पानं लिहिली, त्याच्यानंतर मी दोन दिवस दुकान उघडलं नव्हतं. अजून लिहू म्हणता?"

बाईंचा चेहरा एकदम उतरला. पुस्तक न घेताच गेल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं, बरं झालं. जिरली. त्या दिवशी मी कपाटातल्या सगळ्या भुतांच्या कादंबऱ्या काढून मागे ढकलल्या आणि पुढे पाककृती लावल्या. बाई येईनात. मेंबर विचारायला लागले, नवीन चिठ्ठ्या कुठंयत, बाई आजारी आहेत का. मी बोलायचो, मला काय माहीत, मी काय त्यांचा पीए आहे? रामभाऊ येऊन विचारून गेले, मग हळूच बोलले, "विहारात पण आल्या नाहीत रविवारी." ते ऐकून मात्र मला बरं वाटेना. जनी असती तर बोलली असती, मेल्या, मास्तरीणबाईला काय बोललास तू? जा, जाऊन ये. पण मी पण कमळाकर, गेलो नाही.

शेवटी त्याच आल्या, दुपारच्या. दुकानात कुणी नव्हतं. हातात पिशवी होती, त्यातून त्यांनी कागद काढले. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, आणि सगळीकडे लाल काट मारलेली. एका जागी तर खोडून खोडून कागद फाटला होता.

"तुम्ही बोललात लिहून बघा. बघितलं," बाई बोलल्या. "जमत नाही. एक ओळ लिहिली की दुसऱ्या ओळीत चूक दिसते. हे असं बोलणार नाहीत, असं चालणार नाहीत, हे कारण पटत नाही. माझ्याच्याने होत नाही हो. मला फक्त तपासता येतं."

"कुणाबद्दल लिहिलंत?"

"आमच्या मिस्टरांबद्दल."

बाईंच्या मिस्टरांना, म्हणजे महेंद्र सरांना, मी बघितलं नव्हतं. अंबरनाथला एका कारखान्यात होते, विहाराची कामं करायचे, एवढं रामभाऊंकडून ऐकलेलं. विठ्ठलवाडीला कुठल्या मीटिंगला म्हणून निघाले आणि तिथल्या एसटी डेपोतच कोसळले. बाई पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाई बाकावर बसल्या, जनीच्या जागेवर. "कमळाकरभाऊ, तुम्हाला येतं ते. तुम्ही ड्रॅगन फालतू लिहिता, पण माणूस घरात आला की खरा येतो. मला एक पान लिहून द्याल? ते घरी येतात, एवढंच."

मी बोललो, "बाई, पण तुमचा तर विश्वास नाही."

"नाहीच आहे," बाई जोरात बोलल्या. "मेलेला माणूस परत येत नाही. मला पक्कं माहीत आहे, मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर कागदावर पाहिजे ना! दुसरीकडे कुठे येणार आहेत ते?"

त्यांना रडू फुटलं. मी जन्मात त्यांना तशा बघितल्या नव्हत्या. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी दाराचं शटर निम्मं खाली केलं, काउंटरवर कोरा कागद घेतला.

"सर आल्यावर पहिलं काय करायचे?"

बाईंनी डोळे पुसले आणि विचार केला, उत्तर तपासल्यासारखा. "चपला काढून सरळ ठेवायचे. मग माझ्या पण सरळ करायचे. माझ्या नेहमी वाकड्या पडलेल्या असतात."

मी लिहिलं. "मग?"

"मग हाक नाही मारायची. मी पेपर तपासत असले की ते बोलायचे नाहीत. आत जाऊन चहाचं आधण ठेवायचे. साखर जास्त घालायचे. मी ओरडायचे, ते ऐकायचे नाहीत."

मी तेही लिहिलं. आमच्या आगरी घरात चहा कसा उकळतो ते मला माहीत होतं, त्यांच्या घरातला मी विचारून विचारून घेतला. आलं घालायचे का, कप कुठले, गाळणी कुठं टांगलेली असायची. बाई सांगत गेल्या. मधेच एकदा हसल्या पण. पान भरत आलं. पुस्तकातली भुतं शेवटी जातात, पहाट होते, कोंबडा आरवतो, तशी सवयीने मी सरांना दाराकडे वळवलं आणि कागद बाईंच्या पुढे सरकवला.

त्यांनी चष्मा लावला. पर्समधून लाल पेन काढलं. हातात धरलं, टोपण काढलं नाही. हळूहळू वाचत गेल्या, शेवटच्या ओळीवर आल्या आणि बोट ठेवून तिथंच थांबल्या.

"काय झालं?" मी विचारलं. "चुकलं का काही?"

"नाही, बरोबर आहे," त्या बोलल्या. "पण इतक्यात पाठवू नका ना त्यांना. चहा तरी पिऊ द्या."

मी ती ओळ खोडली आणि दुसरा कागद घेतला.